इजाजत कुणाकडून घेणार?

आमचं गाव बीबी. जिल्हा बुलढाणा, तालुका लोणार. जालन्याहून मेहकरकडे निघालात की सिंदखेडराजा, दुसरबीड मागं टाकल्यावर लागतं. पुण्याला कॉलेजात असताना गावाचं नाव सांगितलं की कुणीतरी हमखास विचारायचं, "म्हणजे मकबऱ्याजवळ का गं?" मग लोणारचं सरोवर सांगायचं, जिजाऊंचं सिंदखेडराजा सांगायचं, तेव्हा कुठं समोरच्याच्या डोक्यात गाव बसायचं.

मागच्या उन्हाळ्यात मराठी विकिपीडियावर गावाचा लेख उघडला. चार ओळी. गाव अमुक जिल्ह्यात आहे, पाऊस पावसाळ्यात पडतो, एवढंच. वाईट वाटलं. घरी कपाटात एका शिक्षणसंस्थेची जुनी स्मरणिका होती. तिच्यात आमच्या मास्टरसाबांचा गावावरचा लांबलचक लेख होता. मास्टरसाब जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिकवायचे, पण लिहायचे मराठीतून. आठवडी बाजार कसा भरायचा, विहिरी कुणी खोदल्या, कुठल्या घरातलं कोण पहिल्यांदा मॅट्रिक झालं, सगळं त्यात आहे. मी पानांचे फोटो काढले, मोबाईलनं अक्षरं ओळखून दिली, चार परिच्छेद जसेच्या तसे लेखात डकवले. खाली संदर्भ म्हणून मास्टरसाबांचं आणि स्मरणिकेचं नावही दिलं. रात्री झोप छान लागली.

दुसऱ्या दिवशी मजकूर नव्हता. लेखाच्या इतिहासात शेरा होता की प्रताधिकारित मजकूर वगळला आहे.

पहिला विचार काय आला ते लपवत नाही. भावाला फोन करून म्हणाले, "देख, अपने लोगों का नाम आया नहीं कि निकाल दिया." हा विचार आपल्या मनात फार लवकर येतो. तो यावा अशी कारणं आपल्याकडे आहेत, हेही खरं. पण विकिपीडियावर कुणी काय केलं हे सगळं उघडं असतं. म्हणून त्याच संपादकाची बाकीची कामं पाहिली. त्यानं एका देवस्थानाच्या लेखातून वर्तमानपत्रातला उचललेला मजकूर काढला होता, एका आमदाराच्या लेखातून प्रचारपत्रक काढलं होतं. आमचा लेख रांगेत तिसरा होता. मी गप्प बसले.

आज माझं मत असं आहे की काढणारा बरोबर होता आणि मी चुकले होते. आणि ती चूक एखादं बटण चुकीचं दाबल्यासारखी तांत्रिक नव्हती. दुसऱ्याची वस्तू मी न विचारता जगाला वाटून टाकली होती.

"पण नाव दिलं होतं ना?" हा प्रश्न मला नंतर जवळपास प्रत्येकानं विचारला. नाव देणं ही सभ्यता झाली, परवानगी नव्हे. शेजाऱ्याची मोटारसायकल नेऊन तिच्यावर "मालक अमुक" अशी चिठ्ठी लावली म्हणून ती इजाजतीनं नेली असं होत नाही. आपला प्रताधिकार कायदा १९५७ चा आहे. लेख लिहिला त्या क्षणी हक्क लेखकाचा होतो. त्यासाठी कुठं नोंदणी करावी लागत नाही, © हे चिन्हही छापावं लागत नाही. आणि हा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ती वर्षं मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. स्मरणिका संस्थेनं छापली म्हणून लेख संस्थेचा झाला, असंही नाही. मास्टरसाब संस्थेचे नोकर नव्हते, त्यांनी हक्क लिहून दिले नव्हते, प्रेमानं एक लेख दिला होता. लेख त्यांचाच राहिला.

ही ६० वर्षं आपल्या लेखकांना लावून पाहा, म्हणजे प्रश्न किती मोठा आहे ते कळेल. शाहीर अमर शेख १९६९ साली गेले. त्यांची कवनं २०३० उजाडल्यावर मोकळी होतील. हमीद दलवाई १९७७ साली गेले, म्हणजे 'इंधन' कुणालाही न विचारता छापता येईल ते २०३८ पासून. फकरुद्दीन बेन्नूर सर २०१८ साली गेले. त्यांचं लेखन २०७९ पर्यंत थांबेल. तेव्हा हा लेख वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांची नातवंडं कॉलेजात असतील. आणि ही झाली मोठी नावं, ज्यांची पुस्तकं निदान ग्रंथालयात सापडतात. स्मरणिकांतून, शाळेच्या वार्षिकांकातून, मुस्लिम मराठी साहित्य संमेलनांच्या अंकांतून लिहिणारे जे शेकडो मास्तर, वकील, कामगार, गृहिणी होत्या, त्यांच्या लेखनाची एखादी प्रत कुणाच्या माळ्यावर असते. मोकळं व्हायला ६० वर्षं लागतात आणि कागदाला वाळवी लागायला एक पावसाळा पुरतो.

म्हणून मी म्हणते की परवानगी हा किचकट कायद्याचा विषय म्हणून वकिलांवर सोडून देण्यात आपलंच नुकसान आहे.

आता परवानगी म्हणजे नेमकं काय, इथं बहुतेकजण अडखळतात. मीही अडखळले. लेखकानं फोनवर "हो, टाक" म्हटलं की झालं, असं आपल्याला वाटतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, आणि त्यावरचा मजकूर एका ठरावीक परवान्याखाली असतो. त्या परवान्याचं नाव 'क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्युशन-शेअरअलाइक', सध्याची आवृत्ती ४.०. त्याचा साधा अर्थ असा: हा मजकूर कुणीही घ्यावा, छापावा, विकावा, बदलावा; फक्त मूळ लेखकाचं श्रेय द्यावं, आणि बदलून प्रसिद्ध केलं तर तेही याच परवान्याखाली द्यावं. एकदा दिलं की परत मागता येत नाही. "फक्त विकिपीडियासाठी परवानगी" चालत नाही. "पैसे कमावण्यासाठी वापरू नये" ही अटही चालत नाही.

इथं आपला कायदा आणखी एक गाठ मारतो. परवाना लेखी लागतो. आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर तो ५ वर्षांचा धरला जातो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता. "माझा लेख वापरण्यास हरकत नाही, आपला विश्वासू" अशी चिठ्ठी मुलं आणतात, तिची किंमत एवढीच. त्यामुळं परवान्याचं पूर्ण नाव, लेखाचं नाव, तो कुठं छापला होता आणि देणाराच हक्काचा मालक आहे हे विधान, एवढं तरी कागदावर हवं. ते विकिमीडियाच्या परवानगी तपासणाऱ्या स्वयंसेवकांना ईमेलनं जातं. ते खात्री करतात आणि त्याचा नोंद क्रमांक लेखाच्या चर्चापानावर लागतो. लेखकाची स्वतःची वेबसाइट असेल तर तिथंच परवाना जाहीर करणं सगळ्यात सोपं. मास्टरसाबांची वेबसाइट कुठली असणार!

मोठ्या संस्थांनाही हे करावं लागतं. गोवा विद्यापीठानं आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश २०१३ साली याच प्रकारच्या परवान्याखाली मोकळा केला. वर्षानुवर्षांचं काम, आणि विद्यापीठानं ते हक्क सोडून नव्हे तर हक्क वापरून दिलं, हे नीट लक्षात घ्या. उलट आपला मराठी विश्वकोश. वाईच्या मंडळानं त्याचा पहिला खंड १९७६ साली काढला, आता तो संगणकावर सगळ्यांना वाचायला खुला आहे. पण वाचायला फुकट असणं आणि उचलायला मोकळं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विश्वकोशातला परिच्छेद उचलून विकिपीडियावर टाकणारे रोज सापडतात आणि रोज त्यांचा मजकूर निघतो.

मी अखेर मास्टरसाबांच्या घरी गेले. मास्टरसाब जाऊन काही वर्षं झाली. मोठे भाईजान कृषी केंद्र चालवतात. काउंटरवर उभ्या उभ्या विषय काढला. ते हसले. "ले जा बेटा, पूछने की क्या बात है, अब्बा होते तो खुश होते." मी कागद पुढं केला, त्यांनी न वाचताच सही करायला पेन काढला. मीच थांबवलं आणि वाचून दाखवलं. कुणीही छापू शकेल. विकू शकेल. बदलू शकेल. 'बदलू शकेल' म्हटल्यावर पेन खाली गेला. "अब्बा का लिखा कोई बदलेगा?" दहा मिनिटं आम्ही त्यावर बोललो. मूळ स्मरणिकेतलं कुणी खोडत नाही, श्रेयही राहतं, विकिपीडियाच्या लेखात मात्र वाक्यं इकडची तिकडं होणार. शेवटी ते तयार झाले. पण आधीच्या "ले जा बेटा"वर मी निघाले असते, तर ती परवानगी ठरली असती की भोळेपणाचा फायदा?

मग मी विचारलं, आपांना विचारलंय का? आणि धाकटे भाईजान? चाची?

भाईजानना प्रश्नच कळला नाही. लेख अब्बांचा, अब्बांनंतर घराचा, घराचा म्हणजे त्यांचा. आपल्याकडे हे असंच चालतं, फक्त मुसलमानांकडे नाही, सगळ्यांकडेच. पण प्रताधिकार ही मालमत्ता आहे. मृत्युपत्र नसेल तर ती घरातल्या इतर मालमत्तेसारखी वारसांकडे जाते, आणि आपल्या घरात ती वारसाहक्काच्या आपल्या नियमांनी वाटली जाते. मास्टरसाबांच्या मागं चाची, दोन मुलगे, एक मुलगी. हिशेब करायचा तर ४० हिश्श्यांतले ५ चाचींचे, १४-१४ दोघा भाईजानांचे, ७ आपांचे. माझ्यापुरतं मी हे ठरवून टाकलं होतं की हिस्सा ५ असो की १४, कागदावर सगळ्यांच्या सह्या असल्याशिवाय तो कागद पुरा नाही. इस्लामी फिक्ह अकादमीनं १९८८ साली कुवेतच्या बैठकीत लेखकाचा हक्क हा शरीयतच्या दृष्टीनं जपण्याजोगा मालकीहक्क मानला होता. तेव्हा "ये तो अंग्रेजों का कानून है" म्हणून हा विषय टाळणाऱ्यांनाही फारशी पळवाट नाही.

शेतीत बहिणीचं नाव लागत नाही म्हणून आपण भाषणं ऐकतो, देतोही. पुस्तकातला, लेखातला तिचा हिस्सा तर कुणाच्या खिजगणतीतही नसतो, कारण त्यातून पैसे येत नाहीत.

आपा जालन्याला असतात. फोन केला. सगळं सांगितलं. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या की तो लेख अब्बा सांगायचे आणि त्या लिहून घ्यायच्या, छापखान्यात गेली ती प्रत त्यांच्या अक्षरातली होती. स्मरणिकेत याचा उल्लेख नाही. मग म्हणाल्या, "उस में नानी का किस्सा है ना, वो मत दे."

मी लेख पुन्हा काढून वाचला. १९४८ सालचा तो परिच्छेद. आमचा भाग तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, आणि जालन्याकडचा मुलूख निजामाच्या राज्यात. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत हद्द ओलांडून जी कुटुंबं आली, त्यांतलं एक चाचींच्या माहेरचं. कोण मागं राहिलं, कोणाला शेवटचं कुठं पाहिलं, हे मास्टरसाबांनी चार वाक्यांत लिहिलंय. मी तो परिच्छेद विकिपीडियावर डकवला होता. माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा होता, आजही आहे. त्या काळाबद्दल आपल्या भागातून मराठीत लिहिलेलं इतकं थोडं आहे की चार वाक्यंही मोलाची. मी आपांशी वाद घातला, थोडा. त्या म्हणाल्या की स्मरणिका गावातल्या लोकांनी वाचली, त्यांना ते माहीतच होतं. जगानं वाचून त्यावर काय काय जोडावं, कुणी त्याचं काय करावं, हे त्यांना नको. अम्मी अजून हयात आहे.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्यानं त्या म्हणतात ते बरोबर, आणि कायदा बाजूला ठेवला तरी बरोबर. लेखातला काही भाग परवान्याखाली देता येतो, काही राखता येतो. आम्ही तसंच ठरवलं.

काही मित्र म्हणतात, एवढ्याशा गावाच्या लेखासाठी कोण कोर्टात जाणार आहे? कुणीच नाही. नेमकं म्हणूनच मला हे महत्त्वाचं वाटतं. ज्याच्याकडे वकील आहे त्याला आपण घाबरून विचारतो, ज्याच्याकडे नाही त्याचं उचलतो. मास्टरसाबांसारख्यांचे लेख व्हॉट्सॲपवर नावाशिवाय फिरतात आणि खाली कुणीतरी स्वतःचं नाव लावतं, तेव्हा आपल्याला संताप येतो. मग आपण वेगळं काय करतोय? दुसरा आक्षेप जरा वजनाचा आहे. इल्म वाटल्यानं वाढतं, ज्ञानावर कुंपण कशाला? मलाही कुंपण नको आहे. पण वाटण्याचं पुण्य ज्याचं आहे त्याला मिळू दे. दुसऱ्याच्या खिशातून सदका होत नाही.

शिवाय सगळ्याच वेळी परवानगी लागते असंही नाही, आणि ही गोष्ट मला आधी कळली असती तर निम्मा ताप वाचला असता. हक्क शब्दांवर असतो, माहितीवर नाही. बाजार कुठल्या वारी भरतो, शाळा कधी निघाली, यावर कुणाचा प्रताधिकार नाही. मास्टरसाबांचा लेख वाचायचा, मिटून ठेवायचा, आपल्या शब्दांत लिहायचं, संदर्भ द्यायचा. एवढ्यावर चांगला लेख होतो. फक्त 'सुंदर'च्या जागी 'मनोहर' घालणं म्हणजे आपले शब्द नव्हेत. त्याला शाळेत कॉपी म्हणतात आणि तिथंही पकडली जाते.

आणि जुनं साहित्य तर मोकळंच पडलंय. आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटिअर १८७० चं. नेल्सनचं बुलढाणा जिल्ह्याचं गॅझेटिअर १९१० चं. त्यांतला मजकूर भाषांतर करून खुशाल घ्या. आमच्याच परिसरातल्या साखरखेर्ड्याला १७२४ साली निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांच्यात लढाई झाली, तिच्यावरून गावाला फतेखेर्डा हे नाव पडलं. रोहिणखेडची जुनी मशीद आहे. अकबराच्या काळात मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचं ठाणं होतं. यावर मराठीत नीट लेख लिहायला कुणाच्या सहीची गरज नाही, बसून लिहिण्याची आहे. मात्र ते गॅझेटिअर इंग्रज अधिकाऱ्याच्या खुर्चीतून लिहिलंय. वसुली, जाती, पीकपाणी त्यात भरपूर. आठवडी बाजारात बांगड्या भरणाऱ्या बाईचं नाव त्यात नाही. ते मास्टरसाबांच्या लेखात आहे. शासनाचं नंतरचं बुलढाणा गॅझेटिअर १९७६ चं. सरकारी प्रकाशनाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं, म्हणजे ते २०३७ पर्यंत उचलता येणार नाही. वाचून संदर्भ द्यायला कुणी अडवत नाही.

मला वाटतं, आत्ता खरं काम हयात असलेल्या लेखकांकडे जाण्याचं आहे. सोलापूरला १९९० साली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं तेव्हा जे तिशी-चाळिशीत होते ते आज सत्तरीकडे किंवा पलीकडे गेलेत. त्यांच्याकडे चहा प्यायला जा, त्यांना अटी पूर्ण वाचून दाखवा, नको म्हणाले तर नमस्कार करून उठा. हो म्हणाले तर सही घ्या. आज एक सही लागते. उद्या चार वारसांच्या लागतील, त्यानंतर नातवंडांच्या, आणि त्यांतलं एखादं दुबईत असेल तर संपलंच. विकिपीडियाच्या लेखात स्मरणिकेतला ललित मजकूर अख्खा बसतही नाही. तो ठेवायला विकिस्रोत ही जास्त योग्य जागा आहे. आणि संपादकांनाही एक विनंती, छापतील अशी आशा आहे: या मासिकात लिहिणाऱ्या प्रत्येकाला लेख देतानाच विचारा, मोकळ्या परवान्याखाली देता का? ज्याला द्यायचा नाही त्याचा देऊ नका. माझा हा लेख द्या.

बीबीच्या लेखात सध्या माझ्या शब्दांतले तीन परिच्छेद आहेत, नेल्सन आणि मास्टरसाब या दोघांच्या संदर्भांसह. ते टिकलेत. मूळ लेखाच्या परवानगीच्या कागदावर आता वर दोन ओळी वाढल्या आहेत: लेखन अब्बांचं, लेखनिक त्यांची मुलगी. दोघा भाईजानांच्या सह्या झाल्या, आपांनी आपली सही स्कॅन करून पाठवली. चाची सध्या जालन्याला आपांकडेच आहेत, डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पट्टी निघाली की मी जाऊन त्यांना कागद वाचून दाखवणार आहे, तो वगळलेला परिच्छेदही.